अपडेटची गाडी

भाड्याची खोली शोधत हिंडणाऱ्या एकट्या बाईला लोक काय काय विचारतात, याची मला तोवर चांगली सवय झाली होती. लग्न झालंय का, मांसमच्छी चालते का, पाहुणे फार येतात का, मूळ गाव कुठलं. मी साताऱ्याकडची. धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले होते आणि ही सगळी उत्तरं पाठ करून दारोदार म्हणून दाखवत होते. त्या घराच्या ओट्यावर मात्र पहिल्याच प्रश्नाला माझी दांडी गुल झाली.

"मॅडम, तुमचा फोन कुठल्या व्हर्जनवर आहे?"

विचारणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर चष्मा चढवलेला, सुती पातळाचा पदर खोचलेला. मी म्हटलं, मला काही कल्पना नाही. त्यांनी हात पुढे केला. मीही का कोण जाणे, गुमान फोन काढून दिला. दोनतीन ठिकाणी बोट लावून त्यांनी तो माझ्याकडे फिरवला. 'अपडेट उपलब्ध आहे' असं तिथे लिहिलेलं होतं आणि ते बरेच दिवस तसंच लिहिलेलं असावं.

"ज्याला फोन रोज सांगतोय की बाई मला नीट कर, आणि जो रोज 'नंतर' म्हणतो, तो माझ्या घरातला गळका नळ बंद करेल का? सांगा तुम्हीच."

मी तिथल्या तिथे, त्यांच्या ओट्यावर बसून फोन अपडेट केला आणि मला वरची खोली मिळाली! आजवर दिलेल्या मुलाखतींत एवढी सरळ मुलाखत मी दुसरी दिली नाही.

त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. अक्का एस.टी.त नोकरीला होत्या. धुळ्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की निवृत्तीच्या दिवशी खुर्ची सुटली, माईक मात्र गळ्यातच राहिला. घरातही त्या साधं बोलत नसत, पुकारत. दूध उतू जायला आलं की स्वयंपाकघरातून आवाज येई, "लक्ष द्या! गॅसवरचं पातेलं सुटण्याच्या तयारीत आहे!" गल्लीतल्या बायका पापड लाटायला जमल्या आणि एखादी उशिरा आली, तर "भडगावहून येणारी गाडी नेहमीप्रमाणे उशिराने धावत आहे." ती बाई माहेरची भडगावची असल्यामुळे सगळ्या खो खो हसत आणि ती बिचारी लाटणं शोधायला लागे.

पण त्यांच्या आवाजाला खरा रंग चढायचा तो रविवारी. रविवार हा अपडेटचा वार. अपडेट आलेलं असो वा नसो, आंघोळ करून, केस विंचरून अक्का फोन घेऊन बसत. फोनसाठी एक पाट होता. हो, पाट! त्यावर धुतलेला रुमाल, रुमालावर फोन, फोनला चार्जरची वायर. वायफाय माझं. तेवढा वेळ मी माझा लॅपटॉप उघडायचा नाही, हा भाडेकराराचा न लिहिलेला भाग होता. अपडेट सापडलं की संपली शांतता.

"लक्ष द्या, अपडेटची गाडी चाळीस टक्क्यांवर आलेली आहे. कोणीही फोनला हात लावू नये. धावत्या गाडीत चढण्याचा प्रयत्न करू नये."

समोरच्या घरातून कोणीतरी ओरडून विचारी, "अक्का, कितली जायनी?" म्हणजे, किती झाली. अक्का आकडा सांगत. फोन बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंतचा जो काळा पडद्याचा वेळ असतो ना, त्यात त्या हात जोडून बसत. मी एकदा म्हटलंसुद्धा, अक्का, तो काही ऑपरेशन टेबलवर नाही. तर म्हणाल्या, "आतलं सगळं बदलून बाहेरचं तेच ठेवणं म्हणजे ऑपरेशनच की! तुमच्या कॉलेजात काय शिकवतात मग?"

फोन जागा झाला की गल्लीभर मिरवणूक. हे चित्र बघा, गोल होतं ते चौकोनी झालं. हे बघा, आता नुसतं बोललं तरी मराठीत लिहितंय. हे बघा, बॅटरीचा आकडा आता आत लिहून येतो. नव्या सुनेचे दागिने दाखवावेत तसा तो फोन दाखवला जाई आणि शेवटी ठरलेलं वाक्य येई: "सांगा, आता याच्यात आणि नव्यात फरक काय?"

हा त्यांचा सिद्धांत होता. फोन जुना होत नाही, तो आपण जुना ठेवतो. आतलं बदला, झाला नवा. दुकानात पळणारी माणसं आळशी. "नवा लेवानं सोपं शे मॅडम, जुनाले नवं करानं कठीन शे," असं त्या म्हणत. उत्साहाच्या भरात त्यांची अहिराणी अशी मध्येच उसळून यायची. घरही त्यांनी याच नियमाने ठेवलं होतं. घर सासऱ्यांच्या वेळचं, पण अक्कांनी एका वर्षी फरशी बदलली, एका वर्षी वायरिंग, एका वर्षी गच्चीला पांढरा रंग दिला. दरवेळी गल्लीला कळवलं जाई की घराचं अपडेट पूर्ण झालं आहे.

आणि या सिद्धांताचा सगळ्यात मोठा पुरावा देव्हाऱ्यात होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. या घराची कानबाई म्हणजे पूर्वापार चालत आलेला एक नारळ. वर्षभर लाल कापडात गुंडाळलेला, आणि त्या रविवारी त्याला डोळे, नथ, मणी, शालू असा साज चढवून चौरंगावर बसवायचं. सगळे भाऊबंद त्या दिवशी या घरात गोळा होत. सुरतेहून, नाशिकहून, अमळनेरहून. घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने गहू मोजून दळायचे, त्याचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. मला पहिल्या वर्षी पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, भजी असं ताट भरून आलं, रोट मात्र नाही. "तुम्ही कितीही गोड असलात तरी रोट नाही," असं अक्कांनी तोंडावर सांगितलं.

"आता बघा," त्या म्हणाल्या, "नारळ दरवर्षी नवा आणतो का आम्ही? तोच. साज तेवढा नवा. मग कानबाई जुनी झाली का?"

मी भजी खाल्ली.

या सिद्धांताला सुरुंग लावला तो जळगावच्या जावेने. अक्कांची धाकटी जाऊ जळगावला राहायची. धाकट्या दिरांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान, ते जोरात चाललेलं, आणि तिकडे नवा बंगला बांधून झालेला. लग्नसराईत एकदा दोघं धुळ्याला कोणाच्यातरी लग्नाला आली आणि जाता जाता घरी टेकली. जावेच्या हातात नवाकोरा फोन होता. अक्कांचा फोन ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचा, पण यंदाच निघालेला. अक्कांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला, आपला शेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "हेच सगळं माझ्यातही येणार आहे. पुढच्या अपडेटला."

जाऊ हसली. वाईट हसली नाही, पण हसली. मग तिने मनातलं काढलं. बंगला मोठा आहे, हॉल मोठा आहे, गाड्या लावायला जागा आहे. इथे सगळ्यांची दाटी होते, म्हाताऱ्यांना जिने चढवत नाहीत. येत्या वर्षापासून कानबाई जळगावला बसवू या.

अक्का म्हणाल्या, घराला काय झालंय? परवाच तर रंग दिला.

"अक्का, कितला बी रंग द्या, जुनं घर ते जुनंच ना! तुमना फोनसारखं. अपडेट मारं म्हणीसन काय नवं व्हस का?"

मी जिन्यात उभी होते. दीर चपला शोधायला लागले. अक्कांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"बोली गयी ना तू? आते आयक. यंदानी कानबाई आठेच बसी. त्या दिन मन्हा फोन आनि तुन्हा फोन शेजारशेजार ठेवू. मन्हा फोन बरोबरी करी तर कानबाई कायमनी आठेच ऱ्हाई. नई करी तर तुन्हा बंगलामा!" आठे म्हणजे इथे, याच घरात.

"अक्का, अशी पैज कानबाईवर..." दीर म्हणाले.

"पैज नाही. परीक्षा." आणि माझ्याकडे बोट करून, "परीक्षक आहेत. कॉलेजच्या आहेत."

पाहुणे गेल्यावर त्या बराच वेळ ओट्यावर बसून होत्या. मी चहा करून नेला. मला वाटलं, राग अजून धुमसत असेल. राग नव्हता. "मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्या आवाजात मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, "हे गेल्याला खूप वर्षं झाली. पोरबाळ नाही. वर्षभर या घरात कोण येतं? तुम्ही, दूधवाला आणि मीटरवाला. त्या एका रविवारी घर भरतं. कानबाई गेली म्हणजे ते येणं गेलं. मग मी या ओट्यावर बसून कोणाच्या गाड्या पुकारू?"

मी म्हटलं, अक्का, आपण जिंकू. परीक्षकाने असं बोलू नये, पण बोलले खरी.

आणि मग काय तयारी सुरू झाली! आषाढात त्या नव्या फोनमधलं मोठं अपडेट खरोखरच जुन्या मॉडेलला आलं. अक्कांना सकाळी दूध घेताना फोनवर ती सूचना दिसली आणि दुधाचं भांडं दूधवाल्याच्याच हातात राहिलं. "आली! आली! गाडी लागली!" अशी आरोळी ऐकून मी दात घासता घासता खाली धावले. त्या दिवशी रविवार नसूनही पाट मांडला गेला. गल्ली जमली. टक्के चढत होते तसा अक्कांचा आवाज चढत होता, आणि शेवटी पडदा उजळला तेव्हा समोरच्या घरातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, ब्रश तोंडात धरून.

खरंच सांगते, फोन ओळखू येत नव्हता. तीच नवी अक्षरं, तीच नवी चित्रं, बोट लावलं की पाण्यासारखा सरकणारा पडदा. मी दोन्ही मॉडेलांत काय काय आहे ते नेटवर वाचून अक्कांना सांगू लागले. बहुतेक सगळं आलं होतं. फोटोतल्या नको त्या माणसाला पुसून टाकायची एक सोय मात्र फक्त नव्यात होती, जुन्याला ती झेपत नाही म्हणे.

"नाही आली तर बरंच," अक्का म्हणाल्या. "नातेवाईक पुसून कसं चालेल?"

कॅमेरा आणि बॅटरीचं काय, असं मी हळूच विचारलं. ते तर लोखंडाचं काम, त्याला अपडेट कुठून येणार. अक्कांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि फोनच्या काचेवर रुमाल फिरवला. मला तेव्हाच जरा धाकधूक वाटली.

कानबाईच्या आदल्या दिवशीपासून घर गजबजलं. गहू दळून झाले, गाणी सुरू झाली, जिन्यापर्यंत चपला आल्या. रविवारी सकाळी परीक्षेचा पहिला पेपर झाला. मी एका टॉवेलला दोन भोकं पाडली, त्याखाली दोन्ही फोन असे ठेवले की नुसते पडदे दिसावेत, आणि दिरांना बोलावलं. म्हटलं, ओळखा नवा कुठला. दिरांनी दोन्हींवर बोट फिरवलं, उघडझाप केली, चारी बाजूंनी पाहिलं आणि ठामपणे डावीकडचा दाखवला. टॉवेल उचलला तर तो अक्कांचा!

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! अक्का अक्षरशः जागेवर उडी मारत होत्या. "लक्ष द्या! देवपूरची गाडी पुढे निघालेली आहे!" दीर ओशाळून हसत होते. "घरना मानूसले बी वळखाता येत नई," जाऊ नवऱ्यावर चिडली. त्या आनंदात पुरणाचा घाणा जरा करपला, पण कोणी काही म्हणालं नाही.

दुसरा पेपर संध्याकाळी होता, आणि तो नणंदबाईंनी ठरवला होता. नणंदबाई म्हणजे या घराची थोरली लेक, सुरतेला दिलेली. पाय मोडल्यामुळे त्यांना यंदा येता आलं नव्हतं. त्यांच्याकडे दोन फोन होते, स्वतःचा आणि सुनेचा. त्या म्हणाल्या, आरतीच्या वेळी एकावर थोरली, म्हणजे अक्का, दाखवेल आणि दुसऱ्यावर धाकटी. ज्याच्यात मला माझी कानबाई नीट दिसेल तो खरा फोन. यावर कोणाला बोलायला जागाच नव्हती.

दुपारी मात्र अक्कांनी जे केलं, ते फक्त अक्काच करू शकतात. चौरंग मांडायला घेण्याआधी त्यांनी फोन बघितला, तर त्यावर एक छोटंसं अपडेट येऊन थांबलेलं. कुठल्यातरी किरकोळ दुरुस्तीचं. मी म्हटलं, अक्का, आज नको, उद्या करा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अभद्रच बोलले.

"कानबाईपुढे बसताना घर सारवतो, भांडी घासतो, डोक्यावरून पाणी घेतो. आणि फोन तेवढा पारोसा ठेवू?"

लावलं अपडेट! पाट, रुमाल, सगळं साग्रसंगीत. झालंही ते व्यवस्थित. पण अपडेटनंतर फोन आतल्या आत बराच वेळ आवराआवर करत बसतो, तापतो, बॅटरी पितो, हे मला ठाऊक होतं आणि त्या गर्दीत सांगायला सवड मिळाली नाही. तासाभराने मी फोन हातात घेतला तर तो भाकरीच्या तव्यासारखा लागला.

दिवेलागण झाली. कानबाई चौरंगावर बसली होती. नारळाला चांदीचे डोळे, मोत्यांची नथ, अंगावर हिरवा शालू, गळ्यात मण्यांच्या माळा, भोवती फुलोरा. आरतीला ट्यूबलाइट मालवायची आणि फक्त समयांच्या उजेडात आरती करायची, ही या घरची रीत. ट्यूब गेली, समया राहिल्या, आणि दोन्ही जावा दोन बाजूंना हातात फोन धरून उभ्या राहिल्या. सुरतेहून नणंदबाईंचा आवाज दोन्हीकडून येत होता. टाळ्या, घंटा, तीसचाळीस माणसांचा एक सूर. मी मध्ये उभी राहून एकदा इकडे बघत होते, एकदा तिकडे.

"थोरली, जरा अंधार दखास वं. तोंड नीट दखात नई."

अक्का एक पाऊल पुढे सरकल्या. चित्र दाणेदार झालं, मग अडखळलं. मग पडद्यावर, फोन फार गरम झाला आहे, अशी सूचना आली. अक्कांनी पदराने फोनला वारा घातला. हो, कानबाईसमोर उभं राहून फोनला वारा! आणि आरतीचं शेवटचं कडवं सुरू होताना तो फोन एकदा उजळला आणि विझला.

दुसऱ्या बाजूने, जावेच्या हातातून, नणंदबाईंचा आवाज आला, "वो माय! नथना मोती बी दखाई राहिनात! डोया तर जशा मन्हाकडेच दखी राहिनात!" आणि त्या तिकडे सुरतेत रडायला लागल्या.

आरती थांबली. कोणी ट्यूब लावेना. जिंकलेली जाऊ फोन हातात धरून तशीच उभी, तिला तो खाली करावा की वर हेही कळेना. दीर घाईघाईने म्हणाले, "अक्का, आत्ताच अपडेट केलं ना, म्हणून तापला. हे काही धरायचं नाही. उद्या पुन्हा घेऊ." खरं होतं ते. मीही म्हटलं, हो, परीक्षक म्हणून मला मान्य आहे. मला तर अक्कांकडे बघवत नव्हतं.

अक्का विझलेला फोन चौरंगाच्या कडेला ठेवून जावेकडे गेल्या. तिच्या हातातला फोन त्यांनी स्वतःच्या हातात घेतला, चष्मा नीट केला आणि पडद्यात वाकून पाहिलं. मग एकदा चौरंगाकडे पाहिलं, पुन्हा पडद्यात पाहिलं. आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी बघतच राहिले.

"दखा! दखा वं बठ्ठ्या! नथना मधला मोती जरासा गुलाबी शे! इतली वरीस मी कानबाईले सजाडस, मन्हा ध्यानमा नई उनं!"

सगळ्या बायका त्या फोनवर पडल्या. खरंच, मधला मोती गुलाबी होता. समयांच्या उजेडात, म्हाताऱ्या डोळ्यांना जो कधी दिसला नव्हता, तो नव्या कॅमेऱ्याने उचलून दाखवला होता. अक्का प्रत्येकीला खेचून खेचून दाखवत होत्या. आपण हरलो आहोत हे त्या साफ विसरल्या होत्या. नवं काही दिसलं की त्यांना दुसरं सुचायचं नाही, मग ते स्वतःच्या विरुद्ध का जात असेना. त्यांच्यावर माझं मन जडलं असेल तर ते त्या क्षणी.

मग त्यांना आठवलं. त्या सरळ उभ्या राहिल्या, घसा साफ केला, आणि धुळ्याच्या स्थानकावरचा तो सगळा आवाज घरात घुमला.

"लक्ष द्या. देवपूरची गाडी काही तांत्रिक कारणाने रद्द करण्यात आलेली आहे. आत कितीही नवं भरलं तरी डोळा आणि दम जुनाच राहतो. बरोबरी होत नाही. पुढच्या वर्षीची कानबाई जळगावहून सुटेल. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

कोणी हसलं नाही. "उद्या घेऊ म्हटलं ना," दीर पुन्हा पुटपुटले. अक्का म्हणाल्या, "नको भाऊ. मोती दिसला मला."

सोमवारी वाजतगाजत कानबाई पांझरा नदीवर निघाली. बायका डोक्यावर चौरंग घेऊन, आळीपाळीने, नाचत. अक्का सगळ्यात पुढे नाचत होत्या, आणि त्यांच्या नाचण्यात खोट नव्हती, पण मधूनच मागे वळून त्या आपल्या गल्लीकडे बघून घेत. नदीवर पूजा झाली, नारळ पुन्हा लाल कापडात गेला. तो आता जावेच्या ओटीत द्यायचा होता. अक्कांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला.

जावेने हात पुढे केलेच नाहीत.

"अक्का, फोन नवा लिधा तरी सिम जुनंच टाकनं पडस. नईतर कोन फोन करी माले?" "कानबाई बंगलामा बसी, पन ऱ्हाई तुमनाकडेच. दर वरीसले आम्ही बठ्ठा आदला दिन देवपूरले येसूत, तुमनाघर जेवसूत, आनि तुमना मांडीवर बसाडीसन कानबाईले जळगाव ली जासूत. परत बी तुम्हीच आनाल."

अक्कांनी लाल कापडातला नारळ एका हाताने छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने जावेच्या गालावर जोरात चापट मारली. लाडाची.

त्या रविवारचं अपडेट अक्कांच्या फोनचं शेवटचं ठरलं. त्यापुढे कंपनीने त्या मॉडेलला काही पाठवलं नाही. जाऊ नवा फोन घेऊन द्यायला निघाली, तर अक्का म्हणाल्या, नवा तू घे, तुझा आत्ताचा मला दे, त्याला नवा करायचं माझ्यावर सोपव. सिद्धांत मोडला होता, पण छंद शाबूत होता. रविवारचा पाटही शाबूत राहिला.

पुढच्या श्रावणाआधीच माझी नोकरी बदलली आणि मी धुळं सोडलं. पण कानबाईच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम देवपूरला आले. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुरतेच्या नणंदबाई काठी टेकत ओट्यावर बसल्या होत्या, आत पंगत उठत होती, जिना पुन्हा चपलांनी भरला होता. मला ताट मिळालं. मागे एका रविवारी भरायचं ते घर आता शनिवारी भरलं होतं, एवढाच फरक.

जेवणं उरकून आम्ही सगळे बसस्थानकावर गेलो. दारात गाड्या उभ्या असताना अक्कांचा हट्ट असा की कानबाई एस.टी.नेच जाणार. जळगावची गाडी फलाटाला लागली. भाऊबंद चढले, पिशव्या चढल्या, फुलोऱ्याची टोपली चढली. आणि अक्का कुठे दिसेनात. लाल कापडातला नारळ घेऊन बाई गेल्या कुठे?

तेवढ्यात डोक्यावरचा भोंगा खरखरला.

"लक्ष द्या! धुळ्याहून अमळनेर मार्गे जळगावला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. गाडीत आमची कानबाई आहे. आमचे भाऊबंद आहेत. आमची धाकटी आहे..."

सगळं स्थानक वर भोंग्याकडे बघत होतं. चौकशीच्या खिडकीच्या काचेमागे मला त्या दिसल्या, एका हातात माईक, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला नारळ, आणि शेजारी हसू दाबत उभा असलेला त्यांच्या जागेवरचा नवा माणूस.

गाडीच्या दारात लोंबकळून, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, जाऊ ओरडली:

"अक्का, चला! तुमना बिगर गाडी सुटाव नई!"